जुन्या मोटारसायकलचे ब्रेक आणि बॅटरी : घरच्या घरी तपासणी, देखभाल आणि खबरदारी

आपलं शहर मोटारसायकलचं शहर आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून चालू आहे आणि त्याच्या आधाराने इथे शेकडो घरांची रोजीरोटी चालते. शहागंज, रोशन गेट, किराडपुरा, कटकट गेट, कुठल्याही गल्लीत जा, दारासमोर उभ्या असलेल्या गाड्यांत दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्या भरपूर दिसतील. सीटी १००, स्प्लेंडर, पॅशन, डिस्कव्हर, प्लॅटिना. कुणी त्यावर वाळूज-चिकलठाण्याच्या शिफ्टला जातो, कुणी माल पोचवतो, कुणी मुलांना शाळेत सोडतो. गाडी जुनी आहे म्हणून ती वाईट नाही. नीट सांभाळली तर ती आणखी कित्येक वर्षं इमानदारीने साथ देते.

पण जुन्या गाडीच्या दोन गोष्टींकडे आपण सर्वात जास्त दुर्लक्ष करतो, ब्रेक आणि बॅटरी. इंजिन बंद पडलं तर आपण त्याच दिवशी मिस्त्रीकडे जातो, कारण गाडी जागची हलत नाही. ब्रेक मात्र रोज थोडा थोडा कमी होतो आणि हाताला-पायाला त्याची सवय होऊन जाते. बॅटरीचं तर आणखी विचित्र आहे. किकच्या अनेक जुन्या गाड्या बॅटरी पूर्ण मेलेली असली तरी किक मारल्यावर चालू होतात. मग माणूस म्हणतो, "चालतेय ना, चालू द्या."

या लेखात दोन्हींची माहिती एकत्र दिली आहे. घरी काय बघायचं, काय स्वतः करायचं, काय मिस्त्रीवर सोडायचं आणि कधी काय बदलायचं, हे क्रमाने सांगितलं आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचा आकडाच अंतिम समजा.

ब्रेक आणि बॅटरी एकत्र का?

ब्रेकचं काम फक्त आपली गाडी थांबवणं नाही. आपण थांबतोय हे मागच्याला कळणं तितकंच जरुरी आहे. ते कळतं मागच्या लाल दिव्याने, आणि तो दिवा चालतो बॅटरीवर.

अनेक जुन्या किकच्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या कॉइलवरून चालतो. इंजिन चालू की हेडलाइट चालू. पण हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट बॅटरीवर असतात. म्हणजे बॅटरी मेली तरी गाडी चालू होते, हेडलाइटही लागतो आणि चालवणाऱ्याला वाटतं की सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात जालना रोडवर संध्याकाळच्या गर्दीत त्याने ब्रेक मारला तरी मागच्या ट्रकवाल्याला काहीच दिसत नाही. हॉर्न घोगरा, इंडिकेटर मंद, ब्रेक लाइट नाही. मागे बायको बसली असेल, मध्ये मूल असेल, तर धोका आधी त्यांनाच आहे.

उलट बाजूही आहे. ब्रेकची बिघडलेली सेटिंग बॅटरी खाते. ब्रेक लाइटचा बल्ब अनेक गाड्यांत २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टवर तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. किकच्या छोट्या गाडीत बॅटरी असते अडीच अँपिअर-अवरची. चावी चालू, इंजिन बंद आणि ब्रेक लाइट पेटलेला राहिला तर हिशेबाने दीड तासाच्या आतच बॅटरी रिकामी. ब्रेक पेडलवर सतत पाय ठेवून चालवायची सवय असेल किंवा ब्रेकचा स्विच चुकीचा बसवला असेल तर रोज हेच थोडं थोडं होत असतं. म्हणून ज्याची बॅटरी वारंवार उतरते त्याने आधी ब्रेक लाइट बघावा.

आधी आपली गाडी ओळखा

१. चाकात ड्रम आहे की डिस्क? चाकाच्या मधोमध बंद डबा दिसतो तो ड्रम. चाकाला लागून चकचकीत लोखंडी थाळी दिसते ती डिस्क. बहुतेक जुन्या १०० सीसी गाड्यांना दोन्हीकडे ड्रम असतात.

२. किक की सेल्फ? सेल्फच्या गाडीला मोठी बॅटरी लागते, कारण स्टार्टर मोटर एका क्षणात खूप करंट ओढते.

३. बॅटरी पाण्याची की मेंटेनन्स-फ्री? पाण्याच्या बॅटरीला वर सहा झाकणं असतात आणि बाजूने आतलं पाणी दिसतं. मेंटेनन्स-फ्री बॅटरी सीलबंद असते. ती कधीही उघडायची नसते. फार जुन्या काही गाड्यांत ६ व्होल्टची, तीन झाकणांची बॅटरीही सापडते.

४. गाडी कोणत्या वर्षाची? १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिनबरोबर आपोआप पेटणारा हेडलाइट आला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक जोडणारी पद्धत सक्तीची झाली. तुमची गाडी त्याआधीची असेल तर बहुधा यातलं काही नाही. पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा. दोन्ही सांभाळणं आणि दोन्ही वापरणं ही जिम्मेदारी पूर्णपणे तुमची.

ड्रम ब्रेक : कसा चालतो, काय बघायचं

ड्रमच्या आत अर्धगोल आकाराचे दोन ब्रेक शू असतात. त्यांच्यावर लायनर चिकटवलेला असतो. लिव्हर दाबला की केबल किंवा रॉड बाहेरचा आर्म ओढतो, आतला कॅम फिरतो, शू फाकतात आणि लायनर ड्रमला घासतो. दर वेळी लायनर थोडासा झिजतो. म्हणून ब्रेक अधूनमधून 'ओढून' घ्यावा लागतो.

ढिलाई तपासणे. ब्रेक लिव्हर किंवा पेडल दाबायला सुरुवात केल्यापासून ब्रेक धरायला लागेपर्यंतचं मोकळं अंतर म्हणजे ढिलाई. शाळेतली पट्टी घ्या. बहुतेक १०० सीसी गाड्यांत हँडलच्या ब्रेकला टोकाजवळ १० ते २० मिलिमीटर आणि पायाच्या ब्रेकला २० ते ३० मिलिमीटर ढिलाई ठीक असते. जास्त असेल तर ब्रेक उशिरा लागतो. अजिबात नसेल तर ब्रेक सतत घासतो, ड्रम तापतो, ॲव्हरेज कमी होतो आणि लायनर लवकर संपतो.

ओढून घेणे. मागच्या ब्रेकसाठी रॉडच्या टोकाचा नट घट्ट करा. पुढच्यासाठी केबलचा नट फिरवा. मागच्या नटाला एक खाच असते. ती आर्मच्या पिनवर नीट बसली पाहिजे, नाहीतर चालताना नट सरकतो. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवा. चाक मोकळं फिरायला हवं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. आधी चेन, मग ब्रेक. चेन ताणली की मागचं चाक मागे सरकतं आणि ब्रेकची ढिलाई बदलते. क्रम उलटा केला तर ब्रेकचं काम पुन्हा करावं लागतं.

लायनर संपला की नाही? यासाठी चाक उघडायची गरज नाही. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आर्मजवळ एक छोटा बाण असतो आणि ब्रेकच्या प्लेटवर एक खूण. ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. बाण खुणेपर्यंत पोचला तर लायनर संपला, शू बदला. कितीही ओढला तरी उपयोग नाही. चाक उघडलंच असेल तर लायनरची जाडी बघा. साधारण २ मिलिमीटरच्या खाली गेला की बदलायचा.

ड्रम पण झिजतो. नवे शू टाकूनही ब्रेक लागत नसेल तर ड्रम तपासा. अनेक हबवर आतून कमाल माप कोरलेलं असतं. ११० मिलिमीटरच्या ड्रमला साधारण १११ ही मर्यादा असते. त्यापुढे गेलेल्या ड्रममध्ये नवा शू नीट टेकतच नाही. असं असताना शूवर शू बदलत राहणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

चाक उघडल्यावर काय करून घ्यायचं. कॅम आणि पिन साफ करून त्यांना अगदी थोडं ग्रीस. जास्त ग्रीस लावलं तर ते वितळून लायनरवर येतं आणि तेलकट झालेला लायनर पुन्हा भरवशाचा होत नाही, तो बदलावाच लागतो. केबलमध्ये तेल सोडावं. तार तुटायला आली असेल, एखादा धागा जरी वर आला असेल, तरी केबल बदला. ती वेल्डिंग करून किंवा गाठ मारून वापरायची चीज नाही.

मागचं चाक परत बसवताना ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी लांब पट्टी, तिचा नट आणि नटातली फुली पिन जागेवर आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ती पट्टी सुटली तर ब्रेक मारल्यावर आख्खी प्लेट फिरते आणि चाक जाम होतं. म्हणूनच ज्याला अनुभव नाही त्याने चाक घरी उघडू नये.

ब्रेकची धूळ फुंकू नका. ड्रम उघडला की आत काळी बारीक धूळ असते. तोंडाने फुंकणं किंवा पंक्चरवाल्याच्या हवेने उडवणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. त्यातून होणारे आजार वीस-तीस वर्षांनी दिसतात. ओल्या फडक्याने धूळ पुसा, फडकं पिशवीत बांधून फेकून द्या. गॅरेजवर हाताखाली काम करणाऱ्या पोरांना हे जरूर सांगा. दिवसाला दहा ड्रम तेच फुंकतात.

डिस्क ब्रेक असेल तर

डिस्कमध्ये ढिलाई ओढायची नसते, ती आपोआप भरून निघते. पण तीन गोष्टी बघाव्या लागतात.

*ब्रेक ऑइल.* हँडलवरच्या डबीला काचेची खिडकी असते. ऑइल खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं कोरडं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरल्यावर हीच हद्द १५५ च्या आसपास येते. मग उतारावर ब्रेक तापला की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडून हँडलला टेकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलून, हवा काढून घ्या. झाकणावर जो प्रकार लिहिलाय तोच वापरा. इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही तेल चुकूनही टाकू नका, आतले रबर फुगून ब्रेक निकामी होतो. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघतो.

*पॅड.* पॅडवर खाच असते. ती बुजली की पॅड संपला. लोखंड लोखंडाला घासल्याचा आवाज यायची वाट बघाल तर पॅडसोबत डिस्कचाही खर्च येईल.

*डिस्क.* तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते. खोल चरे पडले असतील किंवा ब्रेक मारताना लिव्हर थरथरत असेल तर मोजून घ्या. डिस्कवर चेनचा स्प्रे किंवा पॉलिश उडू देऊ नका.

पुढचा ब्रेक की मागचा?

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच शिकवण आहे, "पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील." यामुळे कित्येक जण फक्त पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात. विज्ञान वेगळं सांगतं. गाडी थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाची पकड कमी, म्हणून तेच लवकर घसरतं. थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करू शकतं.

नववीतल्या गतीच्या समीकरणाने ढोबळ हिशेब करून बघू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर ११ मीटर असेच गेले. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लागले (मंदन सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद) तर पुढे साधारण १० मीटर लागतात. फक्त मागचा ब्रेक (मंदन निम्मं, ३) तर २० मीटर. म्हणजे एकूण २१ मीटरऐवजी ३१ मीटर. या दहा मीटरच्या फरकात एखादी रिक्षा आणि तिच्यापुढचं मूल दोन्ही येतात.

वेग ४० चा ६० केला, म्हणजे दीडपट, तर दोन्ही ब्रेक लावूनही १० च्या जागी २३ मीटर लागतात. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट.

म्हणून दोन्ही ब्रेक एकदम, पण झटका न देता, दाब वाढवत नेऊन लावा. वाळू, ओला रस्ता, शेण किंवा वळण असेल तर पुढचा ब्रेक हलका ठेवा, हँडल सरळ ठेवा. मोकळ्या मैदानात हळू वेगावर याचा सराव करा.

काही जुन्या गाड्यांत पुढच्या ब्रेकला लाइटचा स्विचच नसतो. तिथे फक्त हाताचा ब्रेक मारला तर मागे लाल दिवा लागत नाही. दोन्ही एकदम लावायचं हे आणखी एक कारण.

घाट आणि पावसाळा

खुलताबादला उर्स असो की वेरूळची सहल, परतीला दौलताबादचा घाट उतरावाच लागतो. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आजही दिसतात. हे फार धोक्याचं आहे. इंजिनची अडवणूक संपते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो आणि तापलेला लायनर धरेनासा होतो. ज्या क्षणी ब्रेकची खरी गरज असते तेव्हाच तो कमी पडतो. घाट ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन चालू ठेवा आणि ब्रेक थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. ब्रेक कमी लागतोय किंवा जळका वास येतोय असं वाटलं तर बाजूला थांबा, ड्रम निवू द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर ड्रममध्ये पाणी शिरतं. निघाल्यावर हळू वेगात दोन-चार वेळा ब्रेक हलका दाबा, लायनर कोरडा होतो. नवे शू टाकल्यावरही पहिले शे-दोनशे किलोमीटर ब्रेक पूर्ण धरत नाही. त्या काळात अंतर जास्त ठेवा.

बॅटरी : पाणी, व्होल्ट आणि टर्मिनल

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो. उन्हात उभ्या गाडीच्या बॅटरीतलं पाणी उडतं. प्लेटा उघड्या पडल्या की तो भाग कायमचा निकामी होतो.

पाणी. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याला पातळी बघा. 'अप्पर' आणि 'लोअर' या दोन खुणांच्या मध्ये पाणी हवं. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. नळाचं पाणी नको, त्यात क्षार असतात. आरओचं किंवा बाटलीबंद पिण्याचं पाणीही नको, त्यातही थोडे क्षार राहतात. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात धूळ आणि धातूचे कण असतात, तेही टाळा. ॲसिड तर मुळीच टाकू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड घातलं तर प्लेटा गळतात. 'अप्पर' खुणेच्या वर भरू नका, नाहीतर ॲसिड बाहेर येऊन चेसिस आणि चेन खातं.

हवेची नळी. पाण्याच्या बॅटरीला एक बारीक नळी असते. ती मोडलेली, चेपलेली नको आणि तिचं तोंड चेनवर नको.

व्होल्ट. साधा डिजिटल मल्टीमीटर घरात असावा. गाडी काही तास उभी राहिल्यावर, सगळं बंद ठेवून, टर्मिनलवर मोजा. १२ व्होल्टच्या बॅटरीचा साधारण अर्थ असा :

- १२.६ किंवा जास्त : पूर्ण चार्ज
- १२.४ : पाऊण
- १२.२ : निम्मी, चार्ज करा
- १२.० : पाव, लगेच चार्ज करा
- ११.८ च्या खाली : रिकामी. अशीच ठेवली तर प्लेटांवर कठीण थर बसून ती पुन्हा उठत नाही

आता हॉर्न आणि ब्रेक एकदम दाबून बघा. आकडा धाडकन पडत असेल तर बॅटरी चार्ज दाखवते, पण तिच्यात दम नाही.

चार्जिंग होतंय का? इंजिन चालू करून मध्यम रेस द्या. टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा वाढतच नसेल तर वायरिंग, कॉइल किंवा रेग्युलेटर तपासायला हवं. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय. बल्ब वारंवार उडणं, बॅटरीचं पाणी झपाट्याने कमी होणं ही त्याचीच लक्षणं. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तरी ती लवकरच जाईल. आधी दोष काढा, मग बॅटरी.

टर्मिनल. पांढरा-हिरवा बुरा चढला असेल तर बॅटरी काढून टर्मिनल आणि वायरीची टोकं गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने धुवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करून वरून व्हॅसलिन लावा.

काढण्या-बसवण्याचा क्रम. काढताना आधी मायनस, मग प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. कारण गाडीची चेसिस मायनसला जोडलेली असते. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चेसिसला लागला तर मोठी ठिणगी पडते. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा टाका. तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणं म्हणजे वायरिंग जाळायची तयारी.

बाहेरून चार्ज करताना. बॅटरी गाडीतून काढा. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका हवा. अडीच अँपिअर-अवरला पाव अँपिअर, पाचला अर्धा. कारच्या मोठ्या चार्जरला छोटी बॅटरी लावली तर ती उकळते. पाण्याच्या बॅटरीची झाकणं उघडी ठेवा. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून खिडकी उघडी असावी. जवळ बिडी, काडी, अगरबत्ती किंवा गॅसची शेगडी नसावी. रात्रीच्या अंधारात काडी पेटवून बॅटरीत डोकावून कधीही बघू नका. चार्जर आधी जोडा, मग बटण चालू करा. बंद करताना उलट.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल. घरातला कमावता माणूस आखातात असतो, किंवा घरची मंडळी उमऱ्याला जातात. गाडी तशीच झाकून ठेवली तर परत येईपर्यंत बॅटरी गेलेली असते. निदान मायनसची वायर काढून ठेवा. बॅटरी काढून सावलीत ठेवली आणि महिन्यातून एकदा चार्ज केली तर उत्तम.

नवी बॅटरी घेताना, जुनी देताना

गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेली व्होल्ट आणि अँपिअर-अवरचीच बॅटरी घ्या. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि बॅटरीचा नंबर घालून घ्या. कोरड्या मिळणाऱ्या बॅटरीत दुकानदार ॲसिड भरतो. त्यानंतर तिला थोडा वेळ ठेवून पहिलं चार्जिंग द्यावं लागतं. किती वेळ, ते कंपनीच्या कागदावर असतं. घाईत ॲसिड भरून लगेच गाडीत बसवलेली बॅटरी पूर्ण आयुष्य जगत नाही. "पहिलं चार्जिंग करूनच द्या, संध्याकाळी येतो," असं स्पष्ट सांगा.

जुनी बॅटरी विकणाऱ्या दुकानातच परत द्या आणि तिची किंमत नव्या बिलातून वजा करून घ्या. २००१ च्या नियमांपासून वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी कायद्याने ठरलेली आहे आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती उत्पादकांवर आणखी पक्की केली. शिसं वितळवून विकण्यासाठी घरात, अंगणात बॅटरी फोडणं हे मुलांच्या जिवाशी खेळणं आहे. शिशाची धूळ आणि धूर लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतो. अभ्यासात मागे पडणं, लक्ष न लागणं यांमागे हेही एक कारण असू शकतं. झालेलं नुकसान भरून येत नाही.

ॲसिड उडालं तर

डोळ्यात गेलं तर क्षणही न दवडता स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा ते वीस मिनिटं डोळा धूत राहा. पापण्या बोटांनी उघड्या धरा. चोळू नका, सोडा, दूध किंवा सुरमा काही घालू नका. मग थेट घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. त्वचेवर उडालं तर कपडा काढून भरपूर पाण्याने धुवा. बॅटरीचं काम करताना साधा चष्मा तरी डोळ्यावर असू द्या आणि मुलांना लांब ठेवा.

पंधरा वर्षं झाली असतील तर

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. आपल्या राज्यात त्यासोबत ग्रीन टॅक्सही भरावा लागतो. तपासणीत ब्रेक, हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि हॉर्न बघितले जातात, म्हणजे या लेखात आलेल्याच गोष्टी. त्या आधीच ठीक करून गेलात तर दुसरी फेरी पडत नाही. आरसी बुकवरची तारीख आजच बघून घ्या. मुदत संपलेली गाडी चालवली तर दंड होतोच, शिवाय अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही अडचण येते.

वेळापत्रक

- रोज निघताना (एक मिनिट) : दोन्ही ब्रेक दाबून बघा. हॉर्न, इंडिकेटर. ब्रेक लाइटसाठी गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबा, भिंतीवर लाल उजेड पडायला हवा. दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासा.
- दर पंधरा दिवसांनी : ढिलाई, टायरची हवा, उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी.
- दर महिन्याला : बॅटरीचं पाणी, व्होल्ट, टर्मिनल, ब्रेक आर्मवरचा बाण, डिस्क ऑइलची पातळी.
- पावसाळ्याआधी आणि नंतर : ड्रम उघडून सफाई, कॅमला ग्रीस, केबलला तेल, शू-पॅडची जाडी.
- दर दोन वर्षांनी : डिस्कचं ब्रेक ऑइल.

मिस्त्रीकडे गेल्यावर

"ब्रेक बघा" एवढंच म्हणू नका. काय होतंय ते सांगा. ब्रेक उशिरा लागतो, एका बाजूला ओढतो, किंचाळतो की तापतो? बॅटरी रात्रभरात उतरते की चालवताना? सुटे भाग नावाजलेल्या कंपनीचे, सीलबंद पाकिटातले आणि बिलासह घ्या. स्वस्तातला बनावट शू दिसायला तसाच असतो, पण त्याचा लायनर ऐन वेळी प्लेटवरून सुटू शकतो. बदललेला जुना भाग परत मागून बघा. चांगला उस्ताद याचा राग मानत नाही, उलट कुठे झिजलं ते हातात घेऊन दाखवतो.

आणि हे काम एकट्याने करू नका. घरातल्या मोठ्या मुलामुलींना सोबत घ्या. अठरा पूर्ण होईपर्यंत त्यांच्या हातात गाडी द्यायची नाही, पण पट्टीने ढिलाई मोजणं, मल्टीमीटर वाचणं, भिंतीवरचा लाल उजेड बघणं हे त्यांना आज शिकवता येतं. पुढे ती गाडी चालवतील तेव्हा निघण्याआधी ब्रेक दाबून बघायची सवय त्यांच्या हाताला आधीच लागलेली असेल.